कप्तानांच्या कॉरिडॉरमधला हिरवा दिवा

सोमवार

ही डायरी ताईने दिली. म्हणाली, "कॉलेज अर्धं, शिवणाचा क्लास अर्धा, बेकरीतली नोकरी अर्धी. निदान एखादा दिवस तरी शेवटपर्यंत लिहून काढ." मी म्हटलं, बेकरी मी सोडली नाही, बेकरीने मला सोडलं. पाव भट्टीत होते आणि मी मागच्या अंगणात मांजरीचं बाळंतपण बघत बसले होते. पाच पिल्लं झाली. पावांचं काय झालं ते विचारू नये.

तर आजपासून मी भावोजींच्या हाताखाली. भावोजी म्हणजे ताईचा नवरा. इमारतींमध्ये इंटरनेटच्या वायरी ओढून देणं हा त्यांचा धंदा. बोलणं इतकं कमी की वाटावं, दिवसाला मोजकी वाक्यं मंजूर होतात आणि ती ते संध्याकाळसाठी राखून ठेवतात. मला ते भिंगरी म्हणतात.

पहिलं काम टेकडीवरच्या वृद्धनिवासात. दगडी इमारत, भिंती अशा जाड की मोबाइलची रेंज फक्त गच्चीवर पाण्याच्या टाकीला चिकटून उभं राहिलं तर मिळते. म्हणून भावोजींनी मागच्या वर्षी तिथे वायफाय लावलाय. धुलाईच्या खोलीशेजारी एक अडगळीची खोली आहे, तिथे स्विच असतो. नाव स्विच, पण बटण कुठेच नाही, मी शोधलं. चपटी पेटी आणि पुढे भोकांची रांग. भोकाला पोर्ट म्हणायचं. प्रत्येक पोर्टातून एक निळी वायर निघते आणि छताला डकवलेल्या पांढऱ्या ताटलीत जाते. ती ताटली वायफाय पसरवते. तिचं खरं नाव अ‍ॅक्सेस पॉइंट, इथले आजी-आजोबा तिला डबा म्हणतात, मीही डबाच म्हणणार. गंमत अशी की डब्याला वेगळा प्लग लागत नाही. इंटरनेट आणि वीज दोन्ही त्याच एका वायरीतून चढतात. हे मला इतकं आवडलं की मी शिडीवर तशीच बसून राहिले. नळातून पाण्याबरोबर गाणंही यावं तसं आहे हे.

"भिंगरे, शिडी लागतेय," भावोजी खालून म्हणाले.

वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या कॉरिडॉरमध्ये आज नवीन डबा बसवला. स्विचमध्ये रांगेतलं शेवटचं पोर्ट तेवढं मोकळं होतं, त्यात मी स्वतः वायर खोचली. टक्क असा आवाज आला आणि वर डब्यावर हिरवा दिवा लागला. भावोजींचा नियम असा, की हिरवा दिवा दिसला, सही घेतली, निघालो. निघालो तेव्हा ऊन होतं. मला वाटतं मला माझं आयुष्यातलं काम सापडलं. (हे बेकरीच्या पहिल्या दिवशीही वाटलं होतं, पण तेव्हा वास पावाचा होता.)

बुधवार

परत टेकडीवर. तोच नवीन डबा.

मेट्रन म्हणाल्या, "संध्याकाळी जातो आणि सकाळी परत येतो. आमच्याकडे गेलेलं कुणी परत येत नाही, म्हणून सगळ्यांना त्याचं फार कौतुक आहे." मेट्रन म्हणजे इथल्या कारभारीण. हसत नाहीत, त्यामुळे विनोद कधी झाला ते नंतर कळतं.

आम्ही पोचलो भर दुपारी. डबा ठणठणीत, दिवा हिरवा, आमच्याकडे बघतोय. भावोजी म्हणाले, "आधी वायर, मग डबा, मग माणूस." म्हणजे संशय या क्रमाने घ्यायचा. त्यांनी वायरीची दोन्ही टोकं कापून नवीन बसवली. मला शेजारी उभं राहून शिकायचं होतं, पण तेवढ्यात व्हरांड्यात भांडण लागलं.

एक कप्तान. आयुष्यभर नदीवर फेरीबोट चालवली, टोपी अजून तीच. नवीन डबा त्यांच्याच खोलीसमोर आहे. दुसऱ्या जजबाई. त्या कधी कोर्टात गेलेल्या नाहीत, त्यांचं बटणांचं दुकान होतं, पण इथे खुर्चीवरून, खिडकीवरून, पंख्यावरून जी काही भांडणं होतात त्यांचा निकाल त्याच देतात. दोघांच्या मध्ये बुद्धिबळाचा पट.

"कप्तान, उंट तिरका चालतो. बोटीसारखा हाकू नका."

"बाई, नदीसुद्धा मी तिरकीच ओलांडायचो. प्रवाह असतो."

"पटावर प्रवाह नसतो."

"तुम्ही समोर बसलात की असतो."

जजबाईंचे कान रागाने लाल झाले. पट उधळतील असं वाटलं मला, पण त्यांनी नुसता हत्ती सरकवला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. या दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य आहे. मी नंतर मेट्रनना विचारलं की यांना एकमेकांसमोर बसवता कशाला. त्या म्हणाल्या, "मी नाही बसवत."

मेट्रनचं दुःख वेगळंच आहे. त्यांच्या बागेत डेलियाची फुलं आहेत, ताटाएवढी, आणि रोज संध्याकाळी एक गायब होतं. नेमकं सगळ्यात मोठं. म्हणून महिन्याभरापूर्वी त्यांनी भावोजींकडून चार कॅमेरे लावून घेतले: फाटकावर, मागच्या जिन्यावर, कोठीच्या दारावर आणि बागेत.

"मग सापडला का चोर?"

"टोपीचा शेंडा दिसतो, एवढंच. कॅमेरा कुठवर बघतो हे त्या माणसाला पाठ आहे."

इथे निम्मे आजोबा टोपी घालतात. अवघड आहे.

हिरवा दिवा, सही, निघालो.

गुरुवार

काल संध्याकाळी डबा परत गेला. भावोजींनी डबाच बदलला. "मग माणूस" राहिला आता.

शुक्रवार

आज भावोजी दुसऱ्या कामावर, मला एकटीला पाठवलं. "काही हात लावायच्या आधी फोन कर," म्हणाले. इथे फोन करायचा तर गच्चीवर जावं लागतं आणि गच्चीवरून पलीकडचा तलाव दिसतो, तलावात एक माणूस उभ्याने होडी वल्हवत होता, न पडता, आणि मी फोन करायचा विसरले.

खाली आले तर कप्तान दारातच उभे. आत बोलावलं. टेबलावर स्टँडला एक मोठा टॅब्लेट, मुलीने पाठवलेला.

"पोरी, मागे मी न्हाणीघरात घसरून पडलो. तेव्हापासून तिला रोज संध्याकाळी माझं तोंड बघायचं असतं, म्हणून तर हा डबा बसवला. ती दिवसभर दवाखान्यात रुग्णांच्या गराड्यात, तिला तीच वेळ मोकळी. ठरलंय असं, की रोज दिसलो तर इथे राहीन. नाही दिसलो तर तिच्याकडे."

"मग वाईट काय आहे? मुलगी आहे."

"बाविसावा मजला आहे. खिडकी उघडत नाही." मग म्हणाले, "मुलगी सोन्यासारखी आहे. पण मला इथून जायचं नाही."

"का?"

त्यांनी टोपी काढली, आतून पुसली, परत घातली. "डाव अर्धा राहिलाय," म्हणाले.

मी म्हटलं खाली हॉलमध्ये वायफाय चांगला आहे, टॅब्लेट तिथे न्यावा. ते म्हणाले, तिथे टीव्हीपुढे सगळे कान टवकारून बसलेले, मुलीशी बोलायचं की सभेत भाषण करायचं. शिवाय तिला बाबा स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या खुर्चीत हवेत. या आठवड्यात एकदाही फोन लागला नाही. तिने ऑफिसात फोन केला, तर ऑफिसने सांगितलं की खोलीतही नाहीत. ती घाबरली. पुढच्या रविवारी न्यायला येतेय.

"तुम्ही होता कुठे?"

"नेटवर्क शोधत होतो."

"कुठे?"

"बागेत."

"बागेत कुठलं नेटवर्क?"

"हवा चांगली असते," कप्तान म्हणाले.

बिचारे. त्यांना अजून वाटतं की वायफाय हवेने येतो. मला त्यांचं इतकं वाईट वाटलं की मी ठरवलं, एक डबा पुरत नसेल तर दोन लावू. सोबतच्या सामानात एक शिल्लक होता. स्विचमध्ये जागा करायला मी धुलाईच्या खोलीतल्या जुन्या फोनची वायर त्यातून उपटली (तो कुणी वापरत नाही, त्यावर मोजे वाळत घालतात), वायरी जरा पुढे-मागे सरकवल्या आणि कप्तानांच्या दारावर अगदी कपाळाला टिळा लावावा तसा दुसरा डबा लावला. दोन हिरवे दिवे. मी जिना उतरताना दोन-दोन पायऱ्या गाळल्या.

जाताना जजबाईंच्या खोलीत डोकावले. पाण्याच्या पेल्यात केवढं मोठं डेलिया. म्हटलं, बाई, हे कुठून? म्हणाल्या, "खाली पडलं होतं." मी मेट्रनना सांगणार होते की चोर वाटेत सांडतो, पण विसरले.

शनिवार

पूर्वी एक डबा जायचा. काल संध्याकाळी दोन्ही गेले, आणि हॉलमधला तिसरा डोळे मिचकावत होता. मेट्रनचा फोन भावोजींना, भावोजींचा ताईला, ताईचा मला. ताई म्हणाली, "तू मदत केलीस की काय?"

तिने हे फार हळू आवाजात विचारलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

सोमवार

दुसरा डबा काढला. भावोजी स्विचला लॅपटॉप जोडून बसले. स्विच आपली नोंद ठेवतो, काय झालं, कधी झालं. नोंदीत लिहिलंय की एका पोर्टाला वीज नाकारली. कधी नाकारली? तर तारीख अशी की तेव्हा कप्तानही जवान असतील. स्विचच्या घड्याळाला कुणी वेळच सांगितलेली नाही, ते कारखान्यातल्या कुठल्यातरी जुन्या तारखेपासून मोजत बसलंय. मला हसू आवरेना. भावोजींना आवरलं.

"वीज का नाकारली?" मी विचारलं.

"आता तर पुरतेय," ते म्हणाले आणि आकडा दाखवला. खरंच, पुरून उरत होती. बाहेर ऊन होतं.

कप्तान दारात उभं राहून सगळं बघत होते. टोपी हातात. त्यांनी ट्रंक बाहेर काढून ठेवलीय पलंगाशेजारी. रिकामी आहे, मी उचलून बघितली. पण काढलीय.

मंगळवार

आज जे झालं ते सगळं लिहून मगच झोपणार.

मी भावोजींना म्हटलं, आपण दर वेळी दिवसा जातो. रुग्ण रात्री खोकतो आणि डॉक्टर दुपारी येतो, तसं आहे हे. मी आज संध्याकाळी तिथेच थांबते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली दिली. गाडीची किल्ली मला आजवर कुणी दिलेली नाही, योग्य कारणासाठीच.

तर मी कप्तानांच्या कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीत बसले, डब्यावर डोळे लावून. लावले होते, खरंच. पण मग वटवाघळं निघाली. बागेपलीकडच्या झाडातून, एक, मग दहा, मग धूर निघावा तशी. असलं काही दिसल्यावर डब्याकडे कोण बघेल. मी मोबाइल काढून त्यांचं शूटिंग करायला लागले. एक खाली बागेवर झेपावलं, मी मोबाइल त्याच्यामागे फिरवला आणि मला पडद्यावर बागेतला कॅमेरा दिसला. त्याच्या भिंगाभोवती जांभळे दिवे. गोल, एका वर्तुळात, लखलखीत.

मोबाइल बाजूला केला तर काही नाही. काळा कॅमेरा. मोबाइल धरला, जांभळे दिवे. मला वाटलं मला वेड लागलं आणि ते खूप छान वाटलं.

धावत फाटकावर गेले. तिथल्या कॅमेऱ्यालाही जांभळी माळ. जिन्यावरचा, तोही. कोठीचा, तोही. चौघंही. परत वर पळाले, तर कप्तानांच्या डब्यावरचा हिरवा दिवा गेलेला.

धुलाईच्या खोलीत कपडे सुकवायच्या यंत्राभोवती मी तीन गिरक्या घेतल्या. मग टाकीजवळ जाऊन भावोजींना फोन केला. वटवाघळांपासून सुरुवात केली कारण तिथूनच सुरू झालं होतं.

"मुद्द्यावर ये."

"कॅमेऱ्यांना अंधारात दिसावं म्हणून त्यांच्या तोंडाला दिवे असतात का? डोळ्यांना न दिसणारे, पण मोबाइलला दिसणारे?"

टाकीपाशी वारा सुटला होता, मी फोन कानाला घट्ट दाबला.

"असतात," भावोजी म्हणाले.

"ते अंधार पडल्यावर लागतात?"

"लागतात."

"मग त्यांना जास्त वीज लागत असेल. आणि त्यांच्या वायरी कुठल्या स्विचमध्ये?"

"त्याच," ते म्हणाले. "कॅमेरे कुणी लावले तिथे?"

"तुम्हीच."

आज त्यांनी मला भिंगरी म्हटलं नाही. ताईला विचारते त्यांना बरं नाही का.

बुधवार

भावोजी आज एका दमात इतकं बोलले की मेट्रननी त्यांना पाणी दिलं. थोडक्यात, स्विच म्हणजे गच्चीवरची टाकी. टाकीत पाणी ठरलेलं. दिवसा सगळ्यांना पुरतं. अंधार पडला की चार कॅमेरे नळ मोठा सोडतात आणि मग कुणीतरी कोरडं राहातं. कोण? तर स्विच रांगेतल्या शेवटच्या पोर्टापासून कापत येतो. आणि शेवटच्या पोर्टात कप्तानांची वायर मी स्वतः खोचली होती, टक्क करून. वर दुसरा डबा लावून मी कोरड्या टाकीला आणखी एक नळ बसवला. हे ऐकून मला रडू यायला हवं होतं, पण टाकीची गोष्ट इतकी चपखल बसली की मी टाळ्या वाजवल्या.

मोठा स्विच मागवलाय, पण तो रविवारनंतर येणार आणि मुलगी तर रविवारी येतेय. तोवर एकच उपाय. स्विचला सांगता येतं की वीज कमी पडली तर आधी कुणाची काप. कप्तानांचा डबा सगळ्यात महत्त्वाचा असं लिहायचं आणि चारांपैकी एका कॅमेऱ्याला सगळ्यात बिनमहत्त्वाचा ठरवायचं. तो कॅमेरा संध्याकाळी बंद पडेल, उजाडलं की परत येईल.

कुठला? भावोजी म्हणाले, "तू ठरव. तिथल्या माणसांना विचार."

मी जजबाईंकडे गेले, कारण इथले निकाल त्याच देतात. कप्तान समोर बसून चहा पीत होते. मी चारही कॅमेरे सांगितले. जजबाईंनी डोळे मिटून घेतले, बोटं टेबलावर वाजवली.

"फाटक नको. येणारा-जाणारा दिसायला हवा."

"बरोबर."

"कोठी नको. कुणीतरी साखर पळवतं."

"जिना?"

"जिन्यावर माणूस पडू शकतो." आणि मग अगदी कोर्टात बसल्यासारखं, "बाग. संध्याकाळच्या वेळी तिथे कुत्रंसुद्धा फिरकत नाही."

कप्तानांना चहाचा ठसका लागला. मी पाठ चोपली तेव्हा थांबला.

मेट्रनना सांगितलं की एक कॅमेरा काही दिवस संध्याकाळी विश्रांती घेईल. त्या म्हणाल्या, "कुठला?" मी म्हटलं, "सगळ्यात निरुपयोगी." त्यांना घाई होती, कुणाचे तरी दात हरवले होते.

अंधार पडला. मोबाइलमध्ये जांभळ्या माळा तीन. कप्तानांचा डबा हिरवा. मी त्याच्याकडे इतका वेळ बघितलं की डोळे मिटल्यावरही तो दिसत होता.

शुक्रवार

काल हिरवा. आज हिरवा. मुलगी दौऱ्यावर, तिचा फोन आला नाही. रविवारी स्वतः येऊन काय ते बघेन असं तिने मेट्रनना सांगितलंय. कप्तानांची ट्रंक अजून बाहेरच आहे. मी ती पलंगाखाली ढकलली, त्यांनी परत ओढली. म्हणाले, "पाण्यावर असताना किनाऱ्याची गोष्ट करू नये."

रविवार

मुलगी दुपारी आली. डॉक्टर आहे, डोळ्यांखाली काळं, चालताना अजून एखाद्या रुग्णामागे धावत असल्यासारखी. बाबांना घट्ट धरलं, मग लगेच त्यांचे घोटे दाबून सूज आहे का ते पाहिलं. औषधांच्या बाटल्या मोजल्या. ट्रंक पाहिली आणि म्हणाली, "बरं झालं, काढून ठेवलीत."

मी मध्ये पडले. हे माझं काम नव्हतं, पण माझं काम काय आहे हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. म्हटलं, "डॉक्टर, वायफाय दुरुस्त झालाय. आता रोज दिसतील."

"असं तीनदा सांगितलं तुम्ही लोकांनी."

"मग परीक्षा घ्या. तुम्ही खाली ऑफिसात बसा आणि तुमच्या वेळेला फोन करा, घरून करता तसा. दिसले तर राहू द्या."

तिने घड्याळ बघितलं. मग म्हणाली, "आणि नाही दिसले तर मी जेवणाआधी त्यांना घेऊन निघते. हुज्जत नको."

"नको."

मी कप्तानांना जाऊन सांगितलं, अंधार पडला की खुर्चीत बसा, हलू नका. ते म्हणाले, "हो हो." त्यांनी दाढी केली होती. चांगलं चिन्ह आहे असं मला वाटलं.

तर संध्याकाळ. मी वर जिन्याच्या तोंडाशी, डब्याच्या खाली, मान वर करून. उजेड गेला. मोबाइलमधून खाली तीन जांभळ्या माळा. डबा हिरवा, न लुकलुकता, न दमता, राजासारखा. टॅब्लेट वाजायला लागला. केवढा सुंदर आवाज. वाजला, वाजला. वाजतच राहिला.

मी आत डोकावले. खुर्ची रिकामी.

न्हाणीघर रिकामं. व्हरांडा रिकामा. टॅब्लेट थांबला, परत वाजायला लागला. मी जजबाईंच्या दारावर थाप मारली, निकाल मागायला, त्याही नाहीत. मी जिना कसा उतरले ते आठवत नाही. ऑफिसात मुलगी फोन तोंडासमोर धरून उभी, चेहरा पांढरा. मेट्रन कॅमेऱ्यांच्या पडद्यापुढे. फाटकावर कुणी नाही. जिन्यावर कुणी नाही. कोठीपाशी एक आजोबा साखर घेऊन जात होते. चौथा चौकोन काळा ठिक्कर.

"बागेचा का बंद आहे?" मेट्रन म्हणाल्या.

मी म्हटलं, "तोच तो निरुपयोगी."

त्या काही बोलायच्या आत मुलगी दार ढकलून बाहेर पडलेली. मी तिच्या मागे. बागेत अंधार, ओल्या मातीचा वास. डेलियांच्या ताटव्यामागे बाक आहे. तिथे दोघं बसलेली. कप्तानांचा कोट जजबाईंच्या खांद्यावर. पट नव्हता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पटाशिवाय त्यांना एकत्र बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. जजबाई केसांत काहीतरी खोचत होत्या, पिन असणार.

"शेवटची संध्याकाळ पडद्यापुढे कोण घालवेल? उद्या या वेळी मी बाविसाव्या मजल्यावर असेन," कप्तान म्हणत होते.

"मग आज सरळ बसा," जजबाई म्हणाल्या, "कण्हू नका."

"खिडकी उघडत नाही तिथे."

"मी पत्र लिहीन. पत्राला खिडकी लागत नाही."

मी हाक मारणार होते, फोन येतोय, डबा चालू आहे, हिरवा आहे. मुलीने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की अजून वळ आहे. "गप्प," ती पुटपुटली. आम्ही तिथे झाडासारख्या उभ्या. तिचे खांदे हलत होते, मला वाटलं रडतेय. मग वाटलं हसतेय. डॉक्टर लोकांचं कळत नाही.

मग ती मला ओढत मागे घेऊन आली आणि मेट्रनना म्हणाली, "बाबा इथेच राहातील."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "पण ते दिसले नाहीत," मी म्हटलं. प्रामाणिकपणा हा प्रामाणिकपणा.

"दिसले," ती म्हणाली. "मी आता सकाळी फोन करत जाईन. ड्यूटीला जायच्या आधी. संध्याकाळी नको."

म्हणजे बघा. दहा दिवस जिवाचं रान करून आम्ही संध्याकाळचा वायफाय दुरुस्त केला आणि डॉक्टरबाईंनी फोनची वेळच बदलली. सकाळी तर तो नेहमीच चालायचा. डब्याकडे तिने मान वर करून एकदा पाहिलंसुद्धा नाही. निघताना गाडीत बसल्यावर काच खाली केली आणि मला बोलावलं.

"तो बागेतला कॅमेरा. मोठा स्विच आल्यावरही तसाच राहू दे."

"अहो, तेव्हा सगळ्यांना पुरेल. तो चालू होईल."

"ते कळलं मला," ती म्हणाली. "तरी राहू दे. संध्याकाळपुरता."

कप्तान व्हरांड्यात आले तेव्हा गाडी गेलेली होती. मी त्यांना सांगितलं, राहाताय तुम्ही. ते खाली बसले, पायरीवरच. मग मला म्हणाले, "पोरी, तुझा डबा फार गुणी आहे." निदान एकाने तरी कौतुक केलं.

मंगळवार

मोठा स्विच आला. आता टाकी एवढी की सगळ्यांनी नळ सोडून झोपावं. भावोजींनी त्याच्या घड्याळाला आजची वेळ सांगितली, मला सांगू दिली म्हणजे. जुन्या वायरी एकेक करून नव्यात लावल्या. बागेच्या कॅमेऱ्याशी आल्यावर मी थांबले आणि मुलीचं म्हणणं सांगितलं. भावोजींनी विचारलं, का? मी म्हटलं, मलाही कळलं नाही, पण डॉक्टर आहे, काही कारण असेल. कॅमेऱ्याच्या दिव्यांनी फुलांना त्रास होत असेल. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं, मग व्हरांड्याकडे, जिथे उंट परत चुकीचा चालला होता. मग ते हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं, पुढचा एक दात तिरका आहे.

"संध्याकाळी बंद," ते म्हणाले आणि तसं टाइप केलं.

ताईचा फोन आला होता. तलावापलीकडच्या गावात होड्या रंगवायचं काम निघालंय, जायचंय का तुला, म्हणाली. तिने हे असं विचारलं की जणू उत्तर तिला माहीत आहे आणि पिशवी भरून दारात ठेवलीय. दुसरा कुठलाही महिना असता तर मी हो म्हणाले असते, होड्या म्हटल्यावर.

पण काल मेट्रन मला बागेत घेऊन गेल्या. सगळ्यात मोठं डेलिया परत गायब. देठ तिरका कापलेला, स्वच्छ, सराईत हाताचा. आणि आता तिथे संध्याकाळचा कॅमेराही नाही. मी मेट्रनना शब्द दिलाय की चोर पकडेपर्यंत मी ही टेकडी सोडणार नाही. त्या म्हणाल्या, "मग तू इथे म्हातारी होशील." मी म्हटलं, चालेल.

कप्तानांना आणि जजबाईंना मी मदतीला घेतलंय. दोघांनीही ताबडतोब होकार दिला. संध्याकाळच्या पहाऱ्याला ते बसणार आहेत, बाकावर.